मिस फरारच्या शाळा आणि मिशनचा हिशेब

मिशनरी शाळांविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. कोणी त्यांना धर्मांतराचे सापळे म्हणतो, कोणी निखळ विद्यादान. हा वाद मुळात मिशनच्या घरातलाच आहे. मुलांना शिकवायचे ते कशासाठी, यावर अमेरिकन मराठी मिशनमध्ये चाळीस वर्षे खल चालला होता.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्याच वर्षीच्या नव्या सनदेने त्यांचा मार्ग मोकळा झाला. रस्त्यावरचा श्रोता प्रवचन ऐके, वाद घाली आणि घरी जाई. मूल मात्र रोज शाळेत येई. म्हणून शाळा निघाल्या. पण शिकवायला मराठी ख्रिस्ती माणसे होतीच कुठे? मग हिंदू पंतोजी नेमले, बेने इस्राएल शिक्षक नेमले. म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरे त्या धर्मावर विश्वास नसलेला गुरुजी घोकून घेई आणि मुले ती पाढ्यांसारखी म्हणत. पालकांना अक्षर हवे होते, मिशनला अक्षरातून धर्म पोचवायचा होता. या देवघेवीवर शाळा चालत राहिल्या.

मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७च्या अखेरीस सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून तिथे आली. स्त्रीला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळत नसे; चर्चच्या कामात तिच्या वाट्याला येत ती मुले आणि बायका. ही दुय्यम मानलेली जागा मिस फरारने चौतीस वर्षे सांभाळली. १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत तिचे काम अहमदनगरला होते. वाचन, दहा आज्ञा, प्रश्नोत्तरे आणि शिवणकाम असा तिथला शिक्षणक्रम. लिहिणाऱ्या मुलीला वैधव्य येते असे मानणाऱ्या समाजात यातली पहिलीच गोष्ट सर्वांत धाडसाची होती.

१८५४ साली मिशनच्या मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. त्यांचा प्रश्न सरळ होता : एवढ्या शाळांतून चर्चला काय मिळाले? इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी कचेरीत जातो, व्यासपीठाकडे वळत नाही, हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. उपदेश मातृभाषेत व्हावा आणि चर्च एतद्देशीयांनी चालवावे, हा त्यांचा आग्रह त्या काळात पुढचाच म्हटला पाहिजे. पण त्याची किंमत शाळांनी मोजली. इंग्रजी शाळा बंद झाल्या, आणि ख्रिस्ती मंडळींच्या मुलांचे शिक्षण आधी, इतरांचे नंतर असा क्रम ठरला.

त्याच्या सहा वर्षे आधीच एक वेगळा निकाल लागून गेला होता. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले नगरला गेले असता त्यांनी मिस फरारच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या पाहून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झाले नाही. बाप्तिस्मे मोजणाऱ्या हिशेबात या जमेला रकानाच नव्हता.

म्हणून सापळा की विद्यादान, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. शिकवणाऱ्याचा हेतू हा एक इतिहास आणि शिकणाऱ्याने त्या शिक्षणाचे काय केले, हा दुसरा. पहिला मिशनच्या अहवालांत सापडतो. दुसरा शोधायचा तर पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाडा होता त्या जागी यावे लागते. मिस फरारचा धर्महेतू झाकून तिचा गौरव करण्याचे कारण नाही. त्या हेतूपायी तिचे ऋण नाकारण्याचेही नाही. तिने मुलींच्या हाती वाचन दिले, आणि वाचायला येऊ लागलेल्या माणसाने पुढे काय वाचावे, हे कोणत्याही चर्चच्या हाती उरत नाही.