प्रतिमा आणि नाम : नाणेघाट व जुन्नर

पालीत 'रूप', 'पटिमा', 'बिंब' असे प्रतिमावाचक शब्द आहेत. जुन्नरनजीक नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती कोरल्या होत्या. त्यांवरील नामलेखांत मात्र यांपैकी एकही शब्द नाही. 'राया सिमुक सातवाहनो' ही प्रथमा विभक्ती आहे. मूर्ती म्हणजे साक्षात राजाच, असा तिचा अर्थ आम्ही घेतो. शेजारची देवी नायनिका व सिरी सातकणी ही नावे षष्ठीत येतात. 'यांची' काय, हे पाहणाऱ्याने जाणावयाचे. आज मूर्ती नष्टप्राय आहेत, अक्षरे उरली आहेत.

जुन्नरच्या लेण्यांतील दाते तर आपणांस नावानेच भेटतात. यवन इरिलाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, दिली. 'यवन' हा शब्द परकेपण सांगतो खरे. परंतु त्याच लेखातील 'देयधम' हा शब्द त्याला कल्याणच्या सुलसदताच्या पंक्तीस बसवितो. या सुलसदताने लेण्याद्रीस दिलेल्या चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही, स्तूप आहे. शेजारच्या विहारात पुढे गणेशाची स्थापना झाली आणि 'गणेश लेणी' हे नाव लोकांत रूढ झाले. सुलसदताच्या लेखातील शब्द 'चेतियघर' असा आहे.