बंदूकवाल्याची वही आणि शिरढोणचा कारकून

लंडनच्या जुन्या, नामांकित बंदूकवाल्यांच्या दुकानात एक वही असते. तिला आपण मापवही म्हणू. गिऱ्हाईक आले की शिंप्याने छाती-कंबर मोजावी तशी इथे त्याची मापे घेतात. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत अंतर किती हवे, नळीच्या रेषेपासून दस्ता किती खाली उतरला पाहिजे, नेम धरताना गाल आडवा येऊ नये म्हणून तो बाजूला किती वळवायचा, हे सारे त्या वहीत उतरते. त्याच नोंदीत बंदुकीचा अनुक्रमांक, नळ्यांची लांबी, वजन आणि अर्थातच गिऱ्हाईकाचे नाव. माणूस मरून शंभर वर्षे झाली तरी त्याचा हात किती लांब होता आणि मान किती आखूड होती हे त्या पानावर वाचता येते. चरित्रकाराला याहून अधिक शारीर पुरावा क्वचितच मिळत असेल.

या वहीकडे माझे लक्ष गेले ते मात्र लंडनच्या प्रेमापोटी नव्हे. ओव्याहून पनवेल आणि पनवेलहून पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. फडक्यांच्या बंडाविषयी वाचताना एक साधा प्रश्न पडला. बंदूक हवी होती, तर ती त्यांना मिळणार कुठून? त्या प्रश्नाचा पाठलाग करता करता मी उलट्या टोकाला, म्हणजे बंदुका बनवणाऱ्यांच्या दफ्तराकडे, जाऊन पोचलो. त्या दफ्तराचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे.

जेम्स पर्डी याने 1814 साली लंडनमध्ये स्वतःचे दुकान काढले. त्याआधी तो जोसेफ मँटन या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ कारागिराकडे दस्ते घडवीत असे. मँटन कलावंत खरा, पण व्यवहारात कच्चा. 1826 साली त्याचे दिवाळे निघाले आणि त्याच सुमारास पर्डी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मँटनच्याच जागेत आला. पुढे 1880 च्या दशकात ही पेढी साउथ ऑड्ली स्ट्रीटवर गेली. हे पत्ते नुसते तपशील नव्हेत. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर बंदूकवाला आपले नाव आणि पत्ता कोरत असे. त्यामुळे पत्ता बदलला की बंदुकीचा काळही ठरतो. हस्तलिखिताचा काळ कागदावरून आणि अक्षराच्या वळणावरून ठरवणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

सर्वच पेढ्यांच्या वह्या राहिल्या नाहीत. अशा ठिकाणी संशोधकाला वस्तूच वाचावी लागते. मँटन घराण्याच्या बाबतीत कीथ नील आणि बॅक या दोघांनी शिल्लक राहिलेल्या बंदुकांचे अनुक्रमांक जुळवून तारखांची संगती लावली आणि 1967 साली त्यांचा ग्रंथ निघाला. हॉवर्ड ब्लॅकमोर याने 1350 ते 1850 या पाच शतकांतील लंडनच्या बंदूकवाल्यांचा कोशच 1986 साली प्रसिद्ध केला. या कामाला मोठा आधार आहे तो बंदूककारांच्या संघाच्या दफ्तराचा. या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली. नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून नळीची परीक्षा घ्यायची आणि ती फुटली नाही तर तिच्यावर मुकुटाखाली अक्षरे असलेले छाप मारायचे, हा त्याचा अधिकार. ‘गोळीसाठी नव्हे’ असा इंग्रजी शिक्का नळीवर दिसला, तर ती 1875 ते 1887 या बारा वर्षांतली समजावी. मँटनचे नाव कोरलेल्या नकली बंदुकांचाही बाजारात सुळसुळाट होता, म्हणून नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. प्रक्षिप्त अभंगांशी झुंजलेल्या आपल्या संपादकांना हे दुखणे ओळखीचे आहे.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. अशी बंदूक उकलून पाहिली तर आतल्या बाजूला, बाहेरून कधीही दिसणार नाहीत अशी दोन-तीन अक्षरे ठोकलेली आढळतात. ती प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिराची आद्याक्षरे. बाहेर मालकाचे नाव नक्षीदार, आत कारागिराचे आडोशाला.

आता हिंदुस्थानचा संबंध. तो दोन प्रकारचा आहे, आणि दोन्ही प्रकारांत वही वेगळी बोलते.

पहिला संबंध ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनी लंडनच्या कारागिरांकडून ठोकीने बंदुका विकत घेई. चकमकीच्या चापाजवळच्या पत्र्यावर बदामाच्या आकाराची कंपनीची मुद्रा, आणि अठराव्या शतकातल्या मालावर कारागिराचे नाव व सालही असे. या बंदुकीची नळी 39 इंचांची, म्हणजे ब्रिटिश पायदळाच्या तेव्हाच्या बंदुकीहून आखूड. तिला ‘हिंदुस्थानी नमुना’ असेच नाव पडले. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर बंदुका अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने कंपनीचा हाच नमुना स्वतःच्या फौजेसाठी उचलला. हिंदुस्थानातल्या लढायांसाठी ठरलेली बंदूक अशी नेपोलियनविरुद्ध वापरली गेली. मात्र या हजारो बंदुकांपैकी एकीचेही माप कोणाच्या खांद्यावरून घेतलेले नव्हते. ती उचलणाऱ्या शिपायानेच आपला खांदा तिच्या मापाचा करून घ्यायचा. कंपनीच्या कागदांत किती नग, कोणाकडून, कोणत्या भावाने हे सापडते. नगामागचा माणूस तिथे नसतो.

दुसरा संबंध संस्थानिकांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी राजेरजवाडे लंडनच्या पेढ्यांचे मातबर गिऱ्हाईक झाले. जोसेफ मँटनचा मुलगा फ्रेडरिक तर 1825 सालीच कलकत्त्याला दुकान थाटून बसला होता. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात भुसा भरलेले वाघ आणि शिकारीच्या बंदुका पाहताना शाळेच्या सहलीतली मुले वाघापाशी थबकतात, ते साहजिकच आहे. पण बंदुकांपाशी थांबणाऱ्यालाही काही मिळते. राज्यकारभाराच्या प्रत्येक बाबीत रेसिडेंटाचे तोंड पाहावे लागणाऱ्या राजाला लंडनच्या मापवहीत मात्र लॉर्डाच्या शेजारचे पान मिळे. तिथे त्याचा खांदा लॉर्डाच्या खांद्याइतकाच काळजीने मोजला जाई. शिकारीच्या हौसेमागे या बरोबरीचीही ओढ असावी, असा माझा तर्क आहे.

उरलेल्या हिंदी माणसाचे नाव बंदुकीच्या वहीत येते ते विसाव्या शतकात, आणि येते ते फाशीच्या वाटेवर. 1903 च्या ब्रिटिश कायद्याने पिस्तूल विकणाऱ्या दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. मदनलाल धिंग्रा यांनी जानेवारी 1909 मध्ये लंडनच्या गॅमेज या दुकानातून कोल्ट पिस्तूल घेतले. त्यांनी 1 जुलैला कर्झन वायलीला ठार केले आणि ती खरेदी न्यायालयात पुरावा म्हणून पुढे आली. त्याच वर्षी सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. त्यांतल्या एका पिस्तुलाने 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला टिपले. देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग चालू होता, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. पाच वर्षांनी, 26 ऑगस्ट 1914 रोजी, कलकत्त्याच्या रॉडा या बंदूकवाल्या पेढीच्या मालातून 50 माउझर पिस्तुले आणि 46,000 काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. रॉडाकडे प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक टिपलेला होता. पुढे जिथे जिथे माउझर सापडले तिथे तिथे पोलिसांनी तो क्रमांक ताडून पाहिला. रौलट समितीच्या 1918 च्या अहवालात हे आले आहे. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आणि पेढीच्या हिशेबासाठी ठेवलेली वही अशी सरकारची साक्षीदार झाली.

यातले ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आले, ‘बंदूक’ त्याआधी अरबी-फारसीतून. इंग्रजांनी या घरात घातलेला खरा शब्द एकच, ‘लायसन’.

त्या शब्दापाशी फडक्यांची गोष्ट सुरू होते. 1878 साली लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधले. दुसऱ्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरवला, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. म्हणजे मराठीत लिहिणे आणि मराठी माणसाने बंदूक धरणे ही दोन्ही कृत्ये एकाच वर्षी संशयास्पद झाली. पहिला कायदा चारेक वर्षांत मागे घेतला गेला. दुसरा इतका सोयीचा ठरला की स्वतंत्र भारताला त्याच्या जागी नवा करायला 1959 साल उजाडले. राष्ट्रीय सभेने 1887 च्या मद्रासच्या अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला होता.

फडके तेव्हा पुण्यात लष्कराच्या रसद-हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. लष्कराला काय पुरवले, किती पुरवले, काय दराने पुरवले, याचे आकडे तपासण्यात ज्याची तरुण वर्षे गेली, असा हा माणूस. साम्राज्याची ताकद त्याने परेडीच्या मैदानावर नव्हे, हिशेबाच्या रकान्यांत पाहिली होती. लंडनचा बंदूकवाला ज्या वहीच्या एका टोकाला बसला होता, तिच्याच दुसऱ्या टोकाला हा शिरढोणचा ब्राह्मण बसला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि 1818 मध्ये तो किल्ला इंग्रजांनी घेतला. दख्खनमध्ये 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी 1879 मध्ये फडके कचेरी सोडून रामोशांच्या टोळीसह बाहेर पडले. पहिला छापा शिरूरजवळच्या धामारीवर.

त्यांची हत्यारे म्हणजे तलवारी, भाले आणि जमतील तेवढ्या बंदुका. कारकुनाला हिशेब कळत होता. पैसे हवेत, पैशांतून माणसे आणि हत्यारे हवीत, आणि पैसे मिळवायचे तर आधी हत्यार हवे! दरोडे पडले ते या चक्रातून. दहा-अकरा मे 1879 ला त्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून कोकणात आले आणि त्यांनी पनवेल तालुक्यात पळस्पे आणि चिखली इथे छापे घातले. लूट दीड लाखाच्या घरात सांगतात. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि गोळी घालून ठार केले. आज त्या फाट्यावर वाहनांची जी दाटी असते तीत हे आठवणे कठीणच. एका बाजूला परवान्याची गरज नसलेला गोरा अधिकारी, दुसऱ्या बाजूला परवाना मागायलाही जाऊ न शकणारा रामोशी.

फडके त्याआधीच खचून श्रीशैलाला गेले होते. एप्रिल 1879 मध्ये तिथे त्यांनी आपली हकिगत लिहायला घेतली. आपल्या मनात काय होते ते त्यांनी तीत मांडले आहे. ठिकठिकाणी लहान टोळ्या पाठवायच्या, टपाल, रेल्वे आणि तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे. रामोशांना लुटीपलीकडे काही दिसत नाही, ही खंतही आहे. रामोशांची बाजू त्यांनी कधी विचारली का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो, आणि तो यायलाच हवा. पण स्वतःच्या अपयशाचा असा रोखठोक ताळेबंद मांडणारे आत्मकथन एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत दुर्मीळ आहे. त्यात कारकुनाची शिस्त आहे. जमा काय झाले, खर्च काय झाले, आणि शिल्लक काय उरली.

20 जुलै 1879 च्या रात्री डॅनियलने त्यांना विजापूरकडच्या देवर नावडगी गावी पकडले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे त्यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेपेची शिक्षा झाली आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात ते वारले.

त्यांची हकिगत आणि रोजनिशी सरकारने जप्त केली, आणि जप्त केली म्हणूनच ती दफ्तरात राहिली. पुराव्यासाठी तिचे इंग्रजी भाषांतर झाले. 1957 साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या खंडात ते भाषांतर छापले गेले. शिरढोणचा माणूस काय म्हणाला हे त्या खंडात वाचायचे तर सरकारी भाषांतरकाराच्या इंग्रजीतून वाचावे लागते, आणि वाचताना वाक्यावाक्याला मनातल्या मनात त्याचे मराठी करावे लागते.