गच्चीवरील सावली : छताची निवड

मे महिन्यात मुंबई-पुण्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी गच्चीवरील आडवे छत उपयोगी पडते. चारनंतर मात्र पश्चिमेचे तिरपे ऊन त्याखालून आत शिरते. ते अडवण्यास बांबूची चिक किंवा वाळ्याचा उभा पडदाच हवा.

छतासाठी प्रामुख्याने तीन पर्याय आहेत. शेडनेटच्या जाळीतून हवा खेळती राहते. पाऊस मात्र अडत नाही. ती ५०, ७५, ९० टक्के अशा प्रतींत मिळते. कुंड्यांसाठी साधारणतः ५० टक्क्यांची, बसण्याउठण्यासाठी ७५ टक्क्यांची जाळी योग्य ठरते. ताडपत्री पाऊस अडवते. परंतु सैल बांधल्यास पाण्याची झोळी धरते आणि वाऱ्यात शिडासारखी फुगते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा टिकाऊ असून उजेडही देतो. मात्र त्याखाली उष्णता कोंडते. त्यास उतार द्यावा व बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

कायमस्वरूपी छत उभारण्यापूर्वी सोसायटीची संमती घ्यावी व महापालिकेचे नियम पाहावेत. जाळी वा ताडपत्री वळवाच्या वादळापूर्वी उतरवणे अथवा पक्की बांधणे अगत्याचे आहे. उंचावरून सुटलेला पाइप किंवा पत्रा खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.