बिऱ्हाड पाहावे ठेवून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. तिसरी गोष्ट सांगायची मात्र राहून गेली: बिऱ्हाड पाहावे ठेवून! दिवाळीच्या फराळाला आप्तमंडळी जमली, की कुणीतरी विषय काढतोच, ‘फंडाचे पैसे हाती आलेत, लातुरात नाहीतर नांदेडात एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे म्हणतो.’ अशा वेळी मला बाजारभावाआधी इतिहास आठवतो. बिऱ्हाडकरू घरासाठी येत नाही, गावासाठी येतो. आणि गाव त्याला कशासाठी बोलावते, ते काळागणिक बदलत आले आहे.

लातूरने प्रथम बोलावले ते धान्याच्या व्यापारासाठी. निजामी अमलात, १९१७ साली, गंजगोलाईची इमारत उभी राहिली. तिच्याभोवती १६ रस्ते फुटले आणि आडते, मुनीम, हमाल यांची बिऱ्हाडे पेठेच्या आसऱ्याने थाटली गेली. नांदेडला माणसे आली ती गुरुद्वारा, रेल्वे आणि उस्मानशाही मिल यांच्यामुळे. पुढे मिल बंद पडली. भोंग्यावर जागणाऱ्या वस्तीला दुसरा आधार शोधावा लागला.

तो आधार विद्येने दिला. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आले. लातुरात १९६१ साली दयानंद आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. पुढे ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला आणि दूरदूरची मुले वह्यापुस्तकांची ट्रंक घेऊन उतरू लागली. दोन खाटा, एक टेबल आणि जवळ खाणावळ, एवढ्यावर खोल्या भरू लागल्या.

पण याच मातीने घरधन्याला तीन धडेही दिले आहेत.

पहिला धडा पायाचा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती बोळवून दमलेली गावे पहाटे झोपेत असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, हेच अनेकांचे मरण ठरले. तेव्हा घर घेताना रंग नंतर पाहा. आराखडा, परवाना आणि भूकंपरोधक बांधणी आधी पाहा. दुसऱ्याचे लेकरू आपल्या छपराखाली झोपणार आहे.

दुसरा धडा पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. नळ, बोअर, टाकी यांची चौकशी भर उन्हाळ्यात करावी. नांदेडात उलटा प्रश्न विचारावा: गोदावरीचा पूर या जागेपर्यंत येतो काय?

तिसरा धडा रिकाम्या खोल्यांचा. २०२० साली टाळेबंदी लागली, वर्ग बंद झाले आणि मुले गावी परतली. जो फक्त विद्यार्थ्यांवर विसंबला, त्याच्या खोल्यांना कुलूप लागले. जिथे नोकरदार कुटुंबही राहू शकेल, असे घर बरे.

आता हिशेब मांडू. समजा, घर ३० लाखांचे आणि भाडे महिना ८ हजार. वर्षाचे ९६ हजार झाले म्हणून हुरळू नये. दोन महिने घर रिकामे राहिले तर उरले ८० हजार. घरपट्टी आणि डागडुजीला १५ हजार गेले, तर हाती ६५ हजार, म्हणजे शेकडा सव्वादोनाच्याही आत. कर्ज काढून घर घेतले असेल, तर व्याज एवढ्या भाड्यातून फिटणार नाही. पुढे घराची किंमत वाढेल ही आशा आहे. ती उत्पन्नात धरू नये.

कागदाचेही तसेच. हैदराबाद राज्यातला १९५४ चा भाडेनियंत्रण कायदा मराठवाड्यात पुढेही चालत राहिला. त्याची जागा महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानुसार करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज खोटा आहे. नोंद नसेल आणि तंटा उभा राहिला, तर अटींबाबत भाडेकऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही.

एवढे पाहूनही घर घ्यावेसे वाटले, तर जरूर घ्यावे. फक्त पहिला प्रश्न ‘भाडे किती येईल?’ हा नसावा. ‘या गावात माणूस कशासाठी येतो, आणि दहा वर्षांनीही येईल का?’ हा असावा. त्याचे उत्तर मिळाले, तर पुढच्या दिवाळीला तुमच्या दारी दोन पणत्या लागतील: एक तुमची, एक बिऱ्हाडकरूची.