सामाजी दिवेकरांचा नवस

मुंबईंत मांडवी भागांत बेने इस्राएलांचें 'शाआर हारहामिम' म्हणजे 'दयेचें द्वार' या नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. तें सामाजी हसाजी दिवेकर यांनीं इ. स. १७९६ त स्थापिलें. बेने इस्राएल लोक या वास्तूस मशीद म्हणत. जवळच्या मस्जिद स्टेशनाचें नांव तीवरूनच पडलें असें सांगतात, तें असो. परंपरा अशी कीं, सामाजी कंपनीच्या सैन्यांत असतां दुसऱ्या म्हैसूर युद्धांत टिपूच्या कैदेंत पडले. तेथें त्यांनीं जिवंत सुटल्यास देवाचें मंदिर बांधण्याचा नवस केला, आणि टिपूच्या मातेच्या रदबदलीनें ते सुटले. हा नवस खरा, कीं मंदिर उभें राहिल्यावर मागाहून रचलेला? हें ठरविण्यास यहुदी शास्त्रांत निर्धाराचें बळ कशांत मानिलें आहे तें पाहावें लागतें.

आमच्या राजगुरुनगरीं (जुनें खेड) पूजारंभीं यजमान देशकालाचा उच्चार करितो, भीमेचें नांव घेतो, हातावरून उदक सोडतो. केवळ मनांत ठरविल्यानें संकल्प झाला असें कोणी मानीत नाहीं. हिब्रू 'नेदेर' याच जातीचा. 'गणना' ग्रंथाच्या ३० व्या अध्यायांत मुखांतून निघालेला शब्द पाळण्याचा विधि आहे. मुख व हृदय एक झाल्यावांचून तो शब्द बांधीत नाहीं असें मिश्ना ठरविते. परंतु एक भेद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नवसास संकोच नाहीं. यहुदी शास्त्र त्याविषयीं फार सावध आहे. बोलून न फेडण्यापेक्षां न बोललेलें बरें, असें 'उपदेशक' ग्रंथाचें मत. 'अनुवाद' ग्रंथ (अध्याय २३) फेडण्यांतील विलंबासही दोष मानितो.

आतां काळाचा हिशेब पाहूं. तें युद्ध १७८४ त मंगळूरच्या तहानें संपलें. मंदिर १७९६ त झालें. मध्यें बारा वर्षें गेलीं. विलंब हा दोष मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायानें बारा वर्षें लावावीं, यावरून कोणी नवसच कल्पित ठरवील.

मला तसें वाटत नाहीं. कोंकणांतून आलेला हा समाज पोथीवर चालत नव्हता. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत. शब्बाथ, सुंता, 'शेमा'चा उच्चार व मत्स्याहारांतील निषेध हे धर्म त्यांनीं ग्रंथावांचून राखिले. ग्रंथांतील विलंबदोष त्यांस ठाऊक असावा हें गृहीत धरतां येत नाहीं. नवस मात्र त्यांच्यांत जिवंत होता. एलियाहू नबीच्या नांवें पोहे, नारळ, साखर व फळें यांचा मलिदा ते आजही करितात. सामान्य नवस मलिद्यानें फिटला असता. जेथें आपलें एकही मंदिर नाहीं तेथें जागा, द्रव्य व तोरेची गुंडाळी मिळविण्यास बारा वर्षें लागणें अशक्य नव्हे. इतका काळ शब्द धरून ठेवणें हीच मला निर्धाराची खूण दिसते. टिपूच्या मातेची कथा मी सोडून देतों. सुटकेच्या कथांस अशा दयाळू राजमाता सहज चिकटतात.

या समाजाचा परिचित इतिहास हाइम सॅम्युएल केहीमकर यांचा. तो १८९७ त लिहून झाला व १९३७ त तेल अवीव येथें छापला. म्हणजे लेखक घटनेपासून शतकभर दूर. १९४८ नंतर पुष्कळ बेने इस्राएल कुटुंबें इस्राएलास गेलीं, आणि घरचीं दप्तरें मागें राहिलीं कीं बरोबर गेलीं, कीं रद्दींत, हें त्या त्या घरासच ठाऊक. १७८४ ते १७९६ या काळांतील एखादें मोडी खतपत्र, जागेचा दाखला किंवा वर्गणीची याद कोणा संग्राहकापाशीं असेल तर त्यानें ती प्रसिद्ध करावी. तींत सामाजींचें नांव व नवसाचा नुसता उल्लेख सांपडला तरी वरील माझें अनुमान एक तर पक्कें होईल, नाहीं तर मोडेल.