मावळ-लोणावळ्यात राहायला जाताना गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत?

मुंबई आणि पुण्याच्या मधोमध असलेल्या मावळ तालुक्यात घर घेणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. काही जण तळेगाव दाभाडे किंवा वडगावात कायमचे राहायला येतात, काही लोणावळ्यात शनिवार-रविवारसाठी बंगला घेतात आणि काही पवना धरणाच्या परिसरात जमीन घेऊन निवृत्तीनंतरचे घर बांधतात. तिघांचाही एक प्रश्न ठरलेला असतो: हा भाग सुरक्षित आहे का? मग इंटरनेटवर ‘लोणावळा क्राइम रेट’ असे शोधले जाते. तेथे ‘सुरक्षितता निर्देशांक’ वगैरे नावाने जे आकडे दिसतात, ते बहुतेकदा संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांच्या मतांवर काढलेले असतात. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांशी त्यांचा संबंध नसतो.

एक तालुका, दोन पोलीस दले

देशातील गुन्ह्यांची अधिकृत आकडेवारी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी प्रसिद्ध करतो. या अहवालात मावळ तालुक्याचा वेगळा आकडा नसतो. जिल्हावार तक्त्यांत पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड अशी पोलीस घटकांनुसार विभागणी असते आणि मावळ यांतील दोन घटकांत वाटला गेला आहे.

15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी ही पोलीस ठाणी ग्रामीण पोलिसांकडून आयुक्तालयाकडे गेली. वडगाव मावळ, कामशेत, लोणावळा शहर आणि लोणावळा ग्रामीण ही ठाणी मात्र पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडेच राहिली. त्यामुळे तळेगावातील चोरी हिंजवडी, भोसरीच्या गुन्ह्यांबरोबर मोजली जाते, तर लोणावळ्यातील चोरी बारामती, जुन्नर, दौंडच्या गुन्ह्यांबरोबर. यातल्या कोणत्याही बेरजेवरून लोणावळ्याच्या एखाद्या सोसायटीबद्दल फारसे काही कळत नाही. 2018 च्या आधीचे आणि नंतरचे पुणे ग्रामीणचे आकडे शेजारी ठेवून ‘गुन्हे घटले’ असे म्हणण्यातही अर्थ नाही, कारण ठाणीच दुसरीकडे गेली आहेत.

शिवाय हा अहवाल उशिरा येतो. 2023 चे आकडे सप्टेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

भागाकारातली गडबड

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. साध्या शहरात हे गणित ठीक चालते, थंड हवेच्या ठिकाणी मात्र ते बिघडते. 2011 च्या जनगणनेनुसार लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे 57 हजार आणि संपूर्ण मावळ तालुक्याची सुमारे पावणेचार लाख. पण पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी भुशी धरण, लायन्स पॉइंट, कार्ला, खंडाळा या भागांत जी गर्दी होते, ती या 57 हजारांत कुठेच मोजलेली नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, लोणावळ्यात वर्षभरात 400 गुन्हे नोंदले गेले. 57 हजारांनी भागले तर दर लाखामागे सुमारे 700 हा आकडा येतो आणि तो भीतीदायक वाटतो. पण त्यातल्या निम्म्या गुन्ह्यांत फिर्यादी किंवा आरोपी पर्यटक असतील, तर तिथे कायम राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येणारा धोका त्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग दोन्ही मावळातून जातात. हयगयीने वाहन चालवून कुणाचा मृत्यू झाला, तर तो दखलपात्र गुन्हा ठरतो आणि ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथेच नोंदला जातो. मुंबईच्या चालकाने सोलापूरच्या प्रवाशाला धडक दिली तरी नोंद मावळातल्या एखाद्या ठाण्यात होते. याचा कामशेतमध्ये घर घेणाऱ्याच्या दाराच्या कुलपाशी काही संबंध नाही. रोज महामार्ग ओलांडून शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलांशी मात्र नक्कीच आहे.

पोलिसांची स्वतःची कारवाईही आकडा वाढवते. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. असा आदेश मोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले की नोंदी वाढतात, पण परिसर अधिक धोकादायक झाला असे त्यातून सिद्ध होत नाही.

कोणता गुन्हा, कोणासाठी?

महाराष्ट्र पोलिसांच्या नोंदीत पूर्वीच्या भारतीय दंड संहितेखालील आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेखालील गुन्हे ‘भाग 1 ते 5’ मध्ये येतात. दारूबंदी, जुगार अशा विशेष कायद्यांखालील गुन्हे ‘भाग 6’ मध्ये असतात. राहायला जाणाऱ्याने आधी भाग 6 बाजूला काढावा. उरलेल्यातून घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी, महिलांवरील गुन्हे आणि फसवणूक वेगवेगळे पाहावेत. घरफोडीची नोंद दिवसा आणि रात्री अशी स्वतंत्र होते. नोकरदार जोडप्याला दिवसाचा आकडा महत्त्वाचा, वृद्ध दांपत्याला रात्रीचा. बातम्यांत सर्रास वापरला जाणारा ‘दरोडा’ हा शब्द कायद्याने पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या लुटीलाच लागू होतो. एवढे लक्षात ठेवले तरी वर्तमानपत्र वाचताना बराच फरक पडतो.

लोणावळा आणि पवना परिसराचे वैशिष्ट्य म्हणजे बंद घरे. जुलै 2025 मध्ये अभिनेत्री संगीता बिजलानी यांच्या पवना धरणाजवळील तिकोना गावच्या फार्महाऊसमध्ये चोरी आणि तोडफोड झाल्याचे समोर आले. त्या जवळपास चार महिन्यांनी तिथे गेल्या होत्या. अशा घरात चोरी नेमकी कधी झाली हे सांगणेही अवघड असते आणि तपास तिथेच मंदावतो. म्हणून एकाच गल्लीत कायम राहणारे कुटुंब आणि वर्षातून चार वेळा येणारे कुटुंब यांचा धोका सारखा नसतो. सुट्टीच्या घराचा विचार करणाऱ्याने आसपासची किती घरे बाराही महिने उघडी असतात हे आधी मोजावे. दर लाखाच्या आकड्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

गाजलेल्या खुनांचे काय? जमीन व्यवहारांतील गैरप्रकार माहिती अधिकारातून उघड करणारे सतीश शेट्टी यांची 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाड्यात हत्या झाली. मे 2023 मध्ये तळेगाव नगरपरिषदेच्या आवारात स्थानिक नेते किशोर आवारे यांचा भरदिवसा खून झाला. दोन्ही हल्ले ठरवून विशिष्ट माणसावर झाले होते. नव्याने आलेल्या भाडेकरूला त्यातून थेट धोका दिसत नाही. तरी मावळात जमिनीला आलेली किंमत आणि तिच्याभोवतीचे ताण समजल्याशिवाय इथे प्लॉट घेऊ नये.

कारण या भागातले मोठे नुकसान अनेकदा कुलूप तोडून होत नाही, ते कागदावर होते. एकच प्लॉट दोघांना विकणे, बनावट कुलमुखत्यारपत्र, शेतकरी नसलेल्याला ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून शेतजमीन विकणे, असे हे प्रकार. अशा तक्रारी पुष्कळदा ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवल्या जातात आणि गुन्ह्यांच्या आकड्यात दिसतच नाहीत. सातबारा, फेरफार, सूची क्रमांक 2 आणि प्रकल्प असल्यास महारेरा नोंदणी तपासणे हा सुरक्षिततेच्या चौकशीचाच भाग आहे. बंगल्याच्या खोट्या ऑनलाइन बुकिंगचेही तसेच. फसलेला माणूस मुंबईत तक्रार देतो आणि लोणावळ्याच्या नोंदीत काहीच उमटत नाही.

ठाण्याची माहिती कशी मिळवावी

सर्वोच्च न्यायालयाच्या 7 सप्टेंबर 2016 च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, ऑनलाइन प्रसिद्ध करावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पोलीस घटक, ठाणे आणि तारखा निवडून ते वाचता येतात. वडगाव, कामशेत आणि लोणावळ्यासाठी ‘पुणे ग्रामीण’ निवडायचे, तळेगावसाठी ‘पिंपरी चिंचवड’. तीन-चार महिन्यांचे अहवाल चाळले की घटनास्थळ, वेळ आणि पद्धत कळू लागते. यात दोन उणिवा आहेत. लैंगिक गुन्ह्यांचे अहवाल तिथे नसतात आणि शिवीगाळ, किरकोळ मारहाण यांसारख्या अदखलपात्र तक्रारींचा एफआयआर होतच नाही.

ठाणेवार वार्षिक संख्या हवी असेल तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस असते. निदान पाच वर्षांचे आकडे मागावेत. लहान ठाण्यात एका वर्षी घरफोड्या 10 वरून 20 झाल्या तर ती शंभर टक्के वाढ दिसते, पण ते एकाच टोळीचे काम असू शकते. संख्या कमी असली तरी लगेच निश्चिंत होऊ नये. ठाणे लांब असेल किंवा तक्रार घ्यायला टाळाटाळ होत असेल, तर लोक जातच नाहीत.

अंतराचा मुद्दा मावळात विशेष आहे. लोणावळा बाजारपेठेतून पोलीस ठाण्यात चालत जाता येते. पवना धरणाच्या पलीकडच्या तुंग, तिकोना परिसरातून मात्र घाटाचा रस्ता, पाऊस आणि रविवारच्या वाहतुकीतून वाट काढावी लागते. घर ठरवण्यापूर्वी जुलैतल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी त्या घरापासून ठाण्यापर्यंत आणि जवळच्या रुग्णालयापर्यंत गाडीने जाऊन वेळ मोजावा. 112 वर फोन केल्यावर मदतीला येणारी गाडीही बहुधा त्याच गर्दीतून येणार असते.