पाइपच्या जोडाचा एक्स-रे कोणी बघायचा?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या नळाच्या पाण्याचा आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातल्या पाणी योजनेची मुख्य लोखंडी पाइपलाइन फुटली. आठ दिवस टँकर फिरले. मी बातमी दिली, 'निकृष्ट वेल्डिंगमुळे जलवाहिनी फुटली'. मथळा झकास बसला, लोकांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी योजनेवरच्या एका तरुण इंजिनिअरचा फोन आला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, पाइप जोडावर फुटला की जोडापासून लांब, ते तुम्ही बघितलं होतं का?" मी बघितलं नव्हतं. मी फोटो आणला होता तो उडणाऱ्या पाण्याचा. "जोडांचे एक्स-रे ऑफिसात आहेत. ते वाचता येतात तुम्हाला?" येत नव्हते. पत्रकारितेच्या डिप्लोम्यात बातमी कशी लिहायची ते शिकवलं होतं, वेल्डचा एक्स-रे कसा वाचायचा ते नाही.

मग शिकायचं ठरवलं. शिकवायला भेटले आपल्याच गावचे एक काका. उभं आयुष्य त्यांनी प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डच्या फिल्म वाचण्यात घालवलं. निवृत्तीनंतरही फिल्म बघायचा प्रखर दिव्याचा डबा, म्हणजे व्ह्यूअर, त्यांनी घरी जपून ठेवलाय. दर रविवारी मी त्यांच्या माडीवर जायचो. पडदे ओढायचे, दिवा लावायचा आणि बघत बसायचं.

पहिल्या दिवशी काका म्हणाले, "पत्रकार, छातीचा एक्स-रे खिडकीला धरून बघितलाय ना? तेच आहे हे. हाड जाड, किरण अडतात, म्हणून ते पांढरं दिसतं. इथं पोलाद जाड तिथं फिकट, आणि आत पोकळी असेल तिथं काळं."

वेल्ड मूळ पत्र्यापेक्षा थोडा उंच असतो, म्हणून फिल्मवर त्याचा फिकट पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात शोधायचं. गोल काळे ठिपके म्हणजे वायूचे बुडबुडे, पोरॉसिटी. वेडावाकडा काळा डाग म्हणजे रॉडवरच्या लेपाची मळी आत अडकली, स्लॅग. मधोमध सरळ काळी रेघ म्हणजे वेल्ड मुळापर्यंत पोचलाच नाही. आणि केसासारखी बारीक, नागमोडी रेघ म्हणजे तडा. बुडबुडे ठरावीक मर्यादेत असले तर चालतात. तडा मात्र कितीही लहान असला तरी जोड नापास.

दोष शोधण्याआधी फिल्म स्वतः भरवशाची आहे का ते बघायचं, हेही तिथंच शिकलो. जोडावर उतरत्या जाडीच्या बारीक तारांची पट्टी ठेवून एक्स-रे काढतात. ठरलेली बारीक तार फिल्मवर दिसली नाही, तर ती फिल्म बादच. तार दिसत नसेल तर तडा काय दिसणार? शिवाय शेजारी शिशाची अक्षरं आणि आकडे ठेवतात: जोड क्रमांक, तारीख. शिसं किरण अडवतं, म्हणून ते आकडे फिल्मवर पांढरे उमटतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आता थोडा इतिहास, कारण ही पद्धत अशीच आलेली नाही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांच्या पत्नीच्या अंगठी घातलेल्या हाताचा एक्स-रे जगभर गाजला. पण त्यांनी स्वतःच्या शिकारी बंदुकीचाही एक्स-रे काढला होता, आणि बंदुकीच्या धातूतला दोष त्यात दिसला होता. म्हणजे माणसाचं हाड आणि लोखंडाचा दोष, दोन्ही जवळपास एकदमच दिसू लागले. डॉक्टरांनी ही विद्या लगेच उचलली. कारखान्यांना मात्र पंचवीसेक वर्षं लागली, कारण जाड पोलादातून पार जाण्याइतकी ताकद तेव्हाच्या यंत्रांत नव्हती. १९२२च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या शस्त्रागारात होरेस लेस्टर यांनी लष्कराच्या ओतीव पोलादी भागांचे एक्स-रे पद्धतशीरपणे काढायला सुरुवात केली. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या ओतकामाच्या पोटातल्या पोकळ्या दिसायला लागल्या.

वेल्डिंगवर त्या काळी बॉयलरवाल्यांचा विश्वास नव्हता. बॉयलर रिवेट मारूनच जोडायचे. त्याला कारण होतं. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनच्या बूट कारखान्यात बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर त्या राज्यात बॉयलरचे कडक नियम आले, आणि पुढे अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने १९१४ साली बॉयलरची पहिली संहिता तयार केली. वेल्ड केलेल्या बॉयलरला या संहितेत मोकळी वाट मिळाली ती १९३१च्या सुमारास, आणि ती एक्स-रे तपासणीच्या भरवशावर. वेल्डरच्या हाताला माणसांनी मान दिला, पण आधी पुरावा मागितला. मला हा सगळ्या इतिहासातला मोठा टप्पा वाटतो.

फिल्मलाही सगळं कळत नाही, हेही सांगायला हवं. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या गोदीत शांतपणे उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध मोडलं. वेल्डमधले दोष होते, पण मूळचं पोलादही थंडीत ठिसूळ होणारं होतं. पोलादाचा ठिसूळपणा एक्स-रेत दिसत नाही. शिवाय तडा किरणांच्या दिशेला आडवा असला तर तोही निसटतो. काका वहीचं एक पान हातात धरून दाखवायचे: कडेकडून बघितलं तर किती खोल, समोरून बघितलं तर काहीच नाही. म्हणून नुसत्या फिल्मवर विसंबत नाहीत, पाण्याचा दाब देऊनही पाइप तपासतात.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती अलास्काची गोष्ट. तिथं दोष जेवढा लोखंडात होता तेवढाच कागदात होता.

१९७५ साली अलास्कात तेलाची पाइपलाइन टाकायला सुरुवात झाली. उत्तर टोकाच्या प्रूडो बेपासून दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंत सुमारे १,२९० किलोमीटर, पाइपचा व्यास ४८ इंच. नद्या, भूकंप, गोठलेली जमीन, म्हणून जोडांचे एक्स-रे काढण्याची अटच होती. त्याच वर्षी एक्स-रे काढणाऱ्या कंत्राटदाराच्या एका माजी कर्मचाऱ्याने कोर्टात दावा लावला. म्हणणं असं, की तपासणीचे निकाल फिरवायला मी नकार दिला म्हणून मला काढलं. मग फेरतपासणी झाली. त्या हंगामातल्या सुमारे ३०,८०० जोडांच्या नोंदी पुन्हा बघितल्या, तर ३,९५५ जोडांबाबत शंका निघाली. प्रकरण राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यापर्यंत गेलं, त्यांनी पथक पाठवलं. पुरलेले जोड उकरून दुरुस्त करावे लागले. कंपनीने सूट मागितली होती, पण शेवटी नदीखालच्या फक्त तीन जोडांना सूट मिळाली. त्यानंतरच, २० जून १९७७ रोजी, पाइपमधून तेल सुटलं.

एका माणसाने तोंड उघडलं नसतं, तर कागदावर सगळं पासच होतं.

आता आपल्याकडे येतो. माहिती अधिकारात कागद तर मिळतातच, पण सरकारी कामाची आणि अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणीही करता येते. अर्ज केला आणि काकांना घेऊन मी संबंधित कार्यालयात गेलो. दोन खोकी भरून फिल्म होत्या. कर्मचाऱ्यांनी सहकार्य केलं, टेबलही दिलं.

पहिली गोष्ट. पाइप फुटला त्याच्या शेजारच्या जोडाची फिल्म स्वच्छ होती. कार्यालयाने त्या वेळी काढलेल्या फोटोंत पाइप जोडापासून दोनेक फूट लांब, अंगातच चिरलेला दिसत होता. म्हणजे माझी बातमी चूक होती. ज्या वेल्डरच्या कामाला मी निकृष्ट म्हटलं, त्याचा जोड शाबूत होता. दुसऱ्याच आठवड्यात मी खुलासा छापला. इथेही पुन्हा सांगतो: चुकलो.

दुसरी गोष्ट. दुपारी काकांनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि बराच वेळ गप्प बसले. जोड क्रमांक वेगळे होते. पण बुडबुड्यांची ठेवण तीच, स्लॅगचा डाग त्याच जागी. दोन वेल्ड कधीच सारखे नसतात, अंगठ्याच्या ठशासारखंच असतं ते. मात्र शिशाचे आकडे पाइपच्या बाहेर ठेवलेले असतात. जोड तोच ठेवून आकडे बदलता येतात. मग दोन जोडांची तपासणी कागदावर झाली आणि प्रत्यक्षात एकाचीच.

माझा हात मोबाइलकडे गेला. काका म्हणाले, "पत्रकार, परत तीच चूक करू नका. आकडा लावताना पोराची चूकही होते. हे रात्रीचं काम, माणसं लांब ठेवून करतात. बातमी नंतर, आधी अर्ज द्या. तो जोड परत शूट करा म्हणावं."

अर्ज दिला. सात महिने झाले, उत्तर नाही. म्हणून आज ही पोस्ट. मी कोणावर आरोप करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की त्या दोन जोडांचा एक्स-रे तिसऱ्या, स्वतंत्र माणसाकडून पुन्हा काढा. एका रात्रीचं काम आहे. लाइन उन्हाळ्यात पुन्हा पूर्ण दाबाने चालणार आहे, आणि त्यातला एक जोड शाळेच्या मागून जातो.

(काही गावांत अफवा आहे की एक्स-रे काढलेल्या पाइपमधलं पाणी बाधतं. तसं काही नाही. किरण बंद झाले की संपलं. पाइपमध्ये ते साठत नाहीत.)

ज्या गावांत सध्या नव्या योजनांची कामं चालू आहेत, तिथल्या सरपंचांना आणि सदस्यांना विनंती. काम ताब्यात घेण्याआधी चार गोष्टी विचारा. किती जोडांचा एक्स-रे काढायचा होता आणि किती काढले? फिल्म कुठे आहेत? त्या कोणी वाचल्या, सहीनिशी नाव काय? आणि वाचणारा माणूस कंत्राटदाराच्या पगारावर आहे की बाहेरचा?

फिल्म वाचता आली नाही तरी चालेल. फिल्म मागणारं कोणीतरी आहे, एवढं कळलं तरी खोकी नीट भरली जातात. काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हणतात, आयटीआयची दोन-चार पोरं पाठव, रविवारी शिकवतो, फी नको. ज्यांना यायचंय त्यांनी मला फोन करा. व्ह्यूअर चालू आहे.